क्लाउड वेअरहाऊसमध्ये आधी बदलांची नोंद, मग टेबल

लातूरच्या एका शेतमाल खरेदी कंपनीत डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची सर्व खरेदी केंद्रे एकाच मायएसक्यूएल 8 डेटाबेसमध्ये पट्ट्या (खरेदीच्या पावत्या) करतात. सोयाबीनच्या हंगामात मुख्य कार्यालयातून आवक, सरासरी भाव आणि ओलाव्यापोटी झालेली कपात यांचे अहवाल काढायला सुरुवात झाली की केंद्रांवर पट्टी सेव्ह व्हायला वेळ लागतो आणि काट्यावर गाड्यांची रांग वाढते. शिवाय मागील हंगामांशी तुलना आणि वाहतूक, गोदाम व हिशेब यांचा एकत्रित मेळही त्यांना हवा आहे. म्हणून हा डेटा सतत क्लाउड डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे अहवालांसाठीच्या मोठ्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, न्यावा असे ठरते आहे. स्नोफ्लेक, बिगक्वेरी किंवा रेडशिफ्ट यांपैकी कोणतेही चालेल. परंतु मूळ टेबलात बदल होताच तोच बदल वेअरहाऊसच्या टेबलावर लगेच करावा, की वेगळी पद्धत वापरावी, असे त्यांनी विचारले आहे.

लगेच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेअरहाऊसमध्ये प्रथम बदलांची नोंद ठेवणारे एक टेबल असावे, त्यात फक्त भर पडत जावी, आणि अहवालांना लागणारे चालू स्थितीचे टेबल त्या नोंदींवरून ठरावीक अंतराने तयार व्हावे. पेढीवर व्यवहार आधी रोजकिर्दीत उतरतो आणि मग खतावणीत जातो, तशीच ही रीत आहे. खतावणीत फरक निघाला तर ती रोजकिर्दीवरून पुन्हा मांडता येते. रोजकीर्दच ठेवली नसेल, तर फरक कोणत्या दिवशी पडला हे शोधायलाही आधार उरत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि जालना भागातील कारखान्यांसाठी मी अनेक वर्षे हेच काम करत आलो आहे, आणि वेअरहाऊस कोणतेही निवडले तरी हा एक निर्णय सर्वांत जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे.

तुमची तक्रार केवळ अहवालांमुळे येणाऱ्या ताणाची असती, तर मायएसक्यूएलची एक रीड रेप्लिका, म्हणजे केवळ वाचण्यासाठीची सतत ताजी होणारी प्रत, उभी करून अहवाल तिच्यावर वळवावेत, असेच मी सांगितले असते. ते स्वस्त आणि सोपे आहे. अनेक हंगामांची तुलना आणि वेगवेगळ्या प्रणालींचा मेळ हवा असल्यामुळेच वेअरहाऊसचा खर्च तुमच्या बाबतीत योग्य ठरतो.

आता लगेच बदल का करू नये ते पाहू. मायएसक्यूएलमध्ये एक ओळ बदलली की इंडेक्सवरून नेमके पान सापडते आणि 16 किलोबाइटच्या मोजक्या पानांना हात लागतो. वेअरहाऊस मात्र डेटा कॉलमनुसार आणि मोठ्या तुकड्यांत ठेवते. स्नोफ्लेकमध्ये एका मायक्रो-पार्टिशनमध्ये कॉम्प्रेस होण्यापूर्वीचा सुमारे 50 ते 500 मेगाबाइट डेटा असतो आणि हा तुकडा एकदा लिहिला की बदलत नाही. त्यातील एक ओळ बदलायची तर तुकडा नव्याने लिहावा लागतो. रेडशिफ्टमध्ये अपडेट म्हणजे जुन्या ओळीवर रद्द झाल्याची खूण आणि नवी ओळ, आणि नंतर व्हॅक्यूम करून जागा मोकळी करणे. बिगक्वेरीच्या ऑन-डिमांड दरात वाचलेल्या बाइट्सचे पैसे लागतात, त्यामुळे एका ओळीच्या अपडेटसाठीही बराच डेटा वाचला जाऊ शकतो.

तुमच्या एका पट्टीचेच उदाहरण घ्या. गाडी फाटकातून आत आली की शेतकऱ्याचे नाव आणि गाडी नंबर लिहून ओळ तयार होते. भरलेल्या गाडीचे वजन आल्यावर ती बदलते, रिकाम्या गाडीचे वजन आल्यावर पुन्हा बदलते, ओलावा मोजल्यावर कपात लागते, मग भाव, हमाली व तोलाई, आणि शेवटी रक्कम जमा झाल्याची खूण. म्हणजे एकच ओळ काही तासांत सहा वेळा बदलते. यातील प्रत्येक बदल वेअरहाऊसच्या टेबलावर स्वतंत्रपणे केला तर सहा वेळा तुकडे नव्याने लिहिले जातील. पंधरा मिनिटांच्या बदलांतून प्रत्येक पट्टीची शेवटची स्थिती घेऊन एकदाच मिसळली तर बहुतेक काम उरतच नाही. मधल्या पायऱ्या नोंदीच्या टेबलात सुरक्षित राहतातच, त्यामुळे काट्यापासून पैसे जमा होईपर्यंत किती वेळ गेला हा अहवालही नंतर काढता येतो, जो मूळ डेटाबेसमधून कधीच निघाला नसता.

खर्चाचा हिशेबही याच बाजूने आहे. स्नोफ्लेकचे कॉम्प्युट (क्वेरी चालवणारी गणनशक्ती) सेकंदावर आकारले जाते, परंतु प्रत्येक वेळी सुरू झाल्यावर किमान 60 सेकंदांचे पैसे लागतात. दर मिनिटाला मर्ज, म्हणजे बदल चालू टेबलात मिसळण्याची कमांड, चालवला तर ते कधी बंदच होणार नाही आणि सर्वांत लहान आकाराच्या कॉम्प्युटलाही दिवसाला 24 क्रेडिट (स्नोफ्लेकचे आकारणीचे एकक, इथे तासाला एक) लागतील. दर पंधरा मिनिटांनी चालवला, प्रत्यक्ष काम अर्धा मिनिट धरले आणि काम नसताना 60 सेकंदांनी आपोआप थांबण्याची सेटिंग ठेवली, तर 96 फेऱ्यांचे दीड-दीड मिनिट मिळून 144 मिनिटे होतात, म्हणजे 2.4 क्रेडिट. मुख्य कार्यालयाला दहा-पंधरा मिनिटे जुना आकडा चालतो की नाही, हे अहवाल वाचणाऱ्यांना थेट विचारा. बाजारभावाचा निर्णय घेणाऱ्या एक-दोन अहवालांना ताजा डेटा लागतो, बाकीच्यांना सकाळचा पुरतो, असेच बहुधा निघते. तेव्हा सगळ्या टेबलांना एकच अंतर लावण्याची गरज नसते.

बदलांच्या नोंदीच्या टेबलात मूळ ओळीच्या कॉलमांशिवाय बदलाचा प्रकार, मूळ डेटाबेसच्या लॉगमधील (प्रत्येक बदल क्रमाने उतरणाऱ्या फाइलमधील) स्थान आणि वेअरहाऊसमध्ये पोहोचल्याची वेळ हे कॉलम असलेच पाहिजेत. यातील लॉगमधील स्थान सर्वांत महत्त्वाचे. बदलांचा क्रम पट्टीवरील सुधारित वेळेच्या कॉलमवरून लावण्याचा मोह होतो, पण मायएसक्यूएलच्या डेटटाइम कॉलमला वेगळे सांगितले नाही तर तो पूर्ण सेकंदापर्यंतच वेळ ठेवतो, आणि एकाच सेकंदात झालेल्या दोन बदलांपैकी नंतरचा कोणता हे त्यावरून ठरत नाही. बिनलॉगची, म्हणजे मायएसक्यूएलच्या या लॉगची, फाइल आणि त्यातील जागा यांवरून ते निश्चित ठरते. मात्र मुख्य सर्व्हर बंद पडून दुसऱ्यावर काम गेले की फाइल क्रमांक वेगळे होतात, म्हणून जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मिळणारा, सर्व सर्व्हरवर सारखाच राहणारा क्रमांक) सुरू ठेवावा आणि संपूर्ण प्रत नव्याने घेतल्यावर एकाने वाढणारा 'पिढी' असा एक कॉलमही जोडावा. क्रम लावताना आधी पिढी, मग लॉगमधील स्थान.

मर्ज करण्यापूर्वी प्रत्येक कीसाठी (ओळ ओळखणाऱ्या क्रमांकासाठी) शेवटचा बदल तेवढा निवडून घ्यावा लागतो. रो नंबर फंक्शनने कीनुसार गट करून, क्रम उलटा लावून पहिली ओळ घेणे ही सरळ रीत आहे. तसे न केल्यास एका लक्ष्य ओळीला बॅचमधील दोन ओळी जुळतात, आणि स्नोफ्लेक व बिगक्वेरी दोन्ही मर्ज नाकारतात, हे एका परीने चांगलेच आहे. याहून जास्त काळजी प्रायमरी कीच्या बाबतीत घ्यायला हवी. या तिन्ही वेअरहाऊसमध्ये नेहमीच्या टेबलांवर प्रायमरी की लिहिता येते, पण ती पाळली जाते की नाही हे वेअरहाऊस तपासत नाही. रेडशिफ्टमध्ये तर क्वेरीचे नियोजन त्या कीवर विश्वास ठेवते, म्हणून दुबार ओळी शिरल्या तर उत्तरेही चुकू शकतात. म्हणजे दुबार ओळ रोखण्याची जबाबदारी पूर्णपणे आपल्या मर्जची आहे.

दुबार ओळी शिरण्याची एक वाट फार सामान्य आहे. खर्च वाचवण्यासाठी टेबल पट्टीच्या तारखेनुसार पार्टिशन केले जाते, म्हणजे भागांत विभागले जाते, आणि मर्जच्या जुळणीच्या अटीतच लक्ष्य टेबलाचे फक्त गेल्या 30 दिवसांचे पार्टिशन पाहावे असे लिहिले जाते. एरवी ते उत्तम चालते. मग एखाद्या दिवशी हिशेब विभाग तीन महिन्यांपूर्वीच्या पट्टीची कपात दुरुस्त करतो. ती जुनी ओळ अटीबाहेर असल्यामुळे जुळत नाही, मर्जला ती नवी वाटते आणि तो ती भरून टाकतो. एका पट्टीच्या दोन ओळी होतात आणि शेतकऱ्याच्या नावावर दुप्पट माल दिसतो. यावर उपाय असा की तारखेची मर्यादा स्थिर न ठेवता त्या बॅचमधील सर्वांत जुन्या पट्टीच्या तारखेवरून काढावी, आणि पार्टिशनसाठी कधीही न बदलणारी तारीख, म्हणजे ओळ तयार झाल्याची तारीख वापरावी. पट्टीची तारीख माणसे दुरुस्त करतात, ओळ तयार झाल्याची तारीख कोणी दुरुस्त करत नाही.

डिलीटच्या बाबतीत मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी विशेष सावध असावे, आणि तुम्हाला ते लागू होते असे मला वाटते, कारण पट्टी आणि तिच्याखालील वक्कलांच्या (मालाच्या स्वतंत्र ढिगांच्या) ओळी अशी तुमची रचना दिसते. पट्टी डिलीट केल्यावर तिची वक्कले आपोआप जावीत म्हणून फॉरेन कीवर कॅस्केड लावलेले असेल, तर मायएसक्यूएल 8 मध्ये ते काम इनोडीबी या अंतर्गत स्टोरेज इंजिनच्या आत होते आणि वक्कलांच्या डिलीटच्या नोंदी बिनलॉगमध्ये येतच नाहीत. वेअरहाऊसमध्ये पट्टी जाते, वक्कले राहतात, आणि वक्कलांवरून काढलेली आवक पट्ट्यांवरून काढलेल्या आवकेपेक्षा जास्त भरते. त्यामुळे कॅस्केड काढून ॲप्लिकेशनमधून दोन्ही टेबलांवर उघड डिलीट करावे, किंवा वेअरहाऊसमध्ये पालक नसलेल्या वक्कलांची रोज छाननी करावी. माझी पसंती पहिल्या उपायाला आहे. ट्रंकेट (संपूर्ण टेबल एकदम रिकामे) केल्यावरही लॉगमध्ये ओळीनिहाय काही येत नाही, तेव्हा तो अधिकार मूळ डेटाबेसवर कोणाकडे आहे ते पाहून घ्यावे. वेअरहाऊसच्या चालू टेबलातून ओळ प्रत्यक्ष काढू नये, तिच्यावर रद्द झाल्याची खूण करावी, आणि अहवालांसाठी त्या ओळी वगळणारा व्ह्यू द्यावा. रद्द केलेल्या पट्ट्यांची यादी लेखापरीक्षणाच्या वेळी हमखास मागितली जाते.

लॉग न वाचता सुधारित वेळेवरून दर काही मिनिटांनी नव्या ओळी ओढाव्यात, अशी सोपी सूचना तुम्हाला कोणीतरी करेलच. त्यात डिलीट दिसत नाही, हे उघड आहे. न दिसणारी उणीव वेगळीच आहे. एखाद्या ट्रान्झॅक्शनने 10 वाजता ओळीवर वेळ लिहिली, पण ते 10 वाजून 7 मिनिटांनी कमिट झाले, आणि मधल्या काळात आपण 10 वाजून 5 मिनिटांपर्यंतच्या ओळी ओढून पुढे सरकलो, तर ती ओळ पुन्हा कधीच ओढली जात नाही. हंगामातील गर्दीत ट्रान्झॅक्शन लांबतात, म्हणजे नेमकी ज्या दिवसांची आकडेवारी महत्त्वाची त्याच दिवसांत ओळी गळतात.

लॉगवरून चालणाऱ्या साधनांत डेबेझियम हे मुक्त साधन आहे, आणि क्लाउड कंपन्यांच्या तयार सेवाही आहेत. तुमच्याकडे काफ्का (डेबेझियम बहुधा ज्यातून बदल पाठवते ती संदेशप्रणाली) सांभाळणारे कोणी नसेल तर तयार सेवा घ्यावी. बिगक्वेरीच्या स्टोरेज राइट एपीआयमध्ये बदल कीनुसार आपोआप मिसळण्याची सोय आहे; ती वापरली तरी बदलांची नोंद वेगळी ठेवावी. साधन कोणतेही असो, बिनलॉगचे स्वरूप ओळीनिहाय आणि रो इमेज (लॉगमध्ये उतरणारी ओळीची प्रत) पूर्ण असल्याची खात्री करा. रो इमेज किमान ठेवली तर फक्त बदललेले कॉलम येतात आणि रिकामा कॉलम म्हणजे मूल्य पुसले की मूल्य आलेच नाही, हे कळत नाही. पुढे कधी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवरील प्रणाली जोडली, तर तिथेही हीच अडचण मोठ्या मजकुराच्या कॉलमांत येते: न बदललेला मोठा मजकूर लॉगमधून पाठवला जात नाही, त्याजागी केवळ खूण येते, आणि मर्जने त्या खुणेवर जुने मूल्य कायम ठेवावे लागते.

पहिली संपूर्ण प्रत घेताना लॉगमधील स्थान आधी नोंदवावे, मग प्रत घ्यावी, आणि नोंदवलेल्या स्थानापासून लॉग वाचायला सुरुवात करावी. काही बदल प्रतीतही येतील आणि लॉगमध्येही. की आणि क्रम नीट असतील तर त्याने बिघडत नाही. आधी प्रत घेऊन मग स्थान नोंदवले, तर मधले बदल हमखास गळतात.

मूळ डेटाबेसवरचा लॉग किती दिवस जपला जातो, हा प्रश्न सुट्ट्यांच्या आधी विचारावा. मायएसक्यूएल 8 मध्ये मुळात 30 दिवसांची मर्यादा असते, पण डिस्क वाचवण्यासाठी ती अनेकदा एक-दोन दिवसांवर आणलेली असते. ॲमेझॉन आरडीएस या तयार डेटाबेस सेवेवर वेगळे सांगितले नाही तर बिनलॉग शक्य तितक्या लवकर काढून टाकला जातो. दिवाळीत कार्यालय चार दिवस बंद आणि त्याच वेळी जोडणी तुटली, तर वाचायचा लॉगच शिल्लक राहत नाही आणि संपूर्ण प्रत नव्याने घ्यावी लागते. किमान सात दिवसांचा लॉग जपावा. पोस्टग्रेसमध्ये धोका उलटा आहे: रेप्लिकेशन स्लॉट (लॉग कुठवर वाचला याची खूण) वाचला गेला नाही तर तो लॉग धरून ठेवतो आणि मूळ सर्व्हरची डिस्क भरते. आवृत्ती 13 पासून त्यावर मर्यादा घालण्याची सोय आहे, ती जरूर घालावी.

मराठी मजकूर असल्यामुळे एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. मायएसक्यूएलमध्ये व्हारकॅर (मजकुराचा कॉलम) 20 म्हणजे 20 अक्षरचिन्हे; रेडशिफ्टमध्ये व्हारकॅर 20 म्हणजे 20 बाइट. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासह, यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेते. त्यामुळे जिल्ह्याच्या कॉलममध्ये 'धाराशिव' हे सात चिन्हांचे नाव 21 बाइटचे होते आणि 20 मध्ये मावत नाही. 'छत्रपती संभाजीनगर' मधल्या मोकळ्या जागेसह 17 चिन्हांचे, पण 49 बाइटचे आहे. डेटा भरणाऱ्या कॉपी कमांडला जास्तीचा मजकूर कापण्याची परवानगी दिली असेल तर नावे गुपचूप तुटतात. म्हणून मूळ लांबीच्या तिप्पट लांबी ठेवावी; इमोजीसारखी चार बाइटची चिन्हे जिथे येऊ शकतात तिथे चौपट. वजन आणि रक्कम कुठल्याही टप्प्यावर फ्लोटमधून (दशांश अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारातून) जाऊ देऊ नये, डेसिमलच ठेवावे. वेळेच्या बाबतीत टाइमस्टॅम्प कॉलम यूटीसीत (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत) साठतो आणि डेटटाइम कॉलमला काळपट्टाच नसतो; दोन्ही सारखेच समजून वाचले तर मध्यरात्रीनंतर एक वाजता झालेली पट्टी आदल्या दिवशीच्या 19:30 वर जाते आणि दैनंदिन आवक जुळत नाही. हंगामात काटा मध्यरात्रीनंतरही चालतो, तेव्हा हा फरक लगेच डोळ्यांवर येतो.

जिल्ह्यांच्या नावांवरून आणखी एक मुद्दा आठवतो. 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे अधिकृतपणे बदलली, तेव्हा ज्यांच्या टेबलांत जिल्ह्याचे नाव प्रत्येक ओळीत लिहिलेले होते त्यांना एका अपडेटने लाखो ओळी बदलाव्या लागल्या असतील, आणि त्या सर्व ओळी आधीच्या व नंतरच्या स्थितीसह लॉगमधून वेअरहाऊसकडे येतात. असा मोठा बदल रात्री, तुकड्यांत करावा आणि त्या वेळी मर्जचे अंतर वाढवावे. नवीन कॉलम जोडणे साधने बहुधा स्वतःच हाताळतात. कॉलमचे नाव किंवा प्रकार बदलणे मात्र आधी वेअरहाऊसची बाजू तयार ठेवून, ठरवूनच करावे.

पडताळणीशिवाय ही व्यवस्था विश्वासाची होत नाही. रोज सकाळी, आदल्या दिवसापर्यंतच्या प्रत्येक तारखेसाठी आणि केंद्रासाठी दोन्हीकडची पट्ट्यांची संख्या, निव्वळ वजनाची बेरीज आणि रकमेची बेरीज ताडून पाहावी. नुसती संख्या पुरत नाही, कारण एक ओळ गळून एक दुबार शिरली तर संख्या जुळते. याशिवाय मूळ डेटाबेसमध्ये एका छोट्या टेबलात दर मिनिटाला वेळ लिहावी आणि ती वेअरहाऊसमध्ये कुठवर पोहोचली ते पाहावे. त्यामुळे रात्री व्यवहार नाहीत म्हणून डेटा थांबला आहे की जोडणी तुटली आहे, हे कळते. हीच वेळ प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर 'अमुक वेळेपर्यंतचा डेटा' म्हणून छापावी.

शेतकऱ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती तुमच्या टेबलांत असणारच. अहवालांना ते लागत नाहीत, म्हणून ते वेअरहाऊसमध्ये न्यूच नयेत. तिन्ही वेअरहाऊस मुंबईतील केंद्रांतून घेता येतात आणि ती निवड करावीच, पण तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये व्यक्तीने आपली माहिती काढून टाकण्याची मागणी करण्याच्या हक्काची तरतूद आहे, आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या टेबलात एकच खाते क्रमांक प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा पुन्हा उतरलेला असतो. तो तिथून पुसला तरी स्नोफ्लेकमध्ये टाइम ट्रॅव्हलच्या (जुनी स्थिती पाहण्याच्या) मुदतीत आणि त्यानंतर आणखी सात दिवस फेल-सेफमध्ये (आपत्कालीन राखीव प्रतीत) राहतो. हे कॉलम लॉग वाचणाऱ्या साधनातच वगळा, पहिली प्रत घेण्यापूर्वी वगळा, आणि शेतकरी ओळखण्यासाठी तुमचा स्वतःचा खातेदार क्रमांक तेवढा पुढे पाठवा.